पाच वर्षांनी फेरआढावा, पण बघणार कोण? : 'वन रँक वन पेन्शन'चं प्रकरण

20 मार्च 2023. सर्वोच्च न्यायालयात माजी सैनिकांच्या पेन्शनच्या थकबाकीवर सुनावणी सुरू होती. महान्यायवादी आर. वेंकटरमणी यांनी सरकारचं म्हणणं बंद लिफाफ्यातून पुढे केलं आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी तो लिफाफा घ्यायला नकार दिला. समोरच्या वकिलांना दाखवा, नाहीतर परत न्या, असा सूर होता. टिपणी उघडी झाली तेव्हा तिच्यात गुपित असं काहीच निघालं नाही. बोजा मोठा आहे, एकरकमी देता येत नाही, हप्ते पाडून द्या, एवढाच मजकूर. न्यायालयाने मग स्वतःच हप्ते पाडून दिले: कुणाला 30 एप्रिलपर्यंत, कुणाला 30 जूनपर्यंत, कुणाला ऑगस्ट, नोव्हेंबर आणि पुढल्या फेब्रुवारीत.

पेन्शनच्या हप्त्यांचं वेळापत्रक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवावं, ही वेळ का आली? 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवा असेल तर निवृत्तीचं साल कोणतंही असो, समान पेन्शन. त्याचं नाव काढलं की चर्चा बहुधा 'दिलं की नाही दिलं' यावर सुरू होते आणि तिथेच संपते. ती राजकीय पक्षांची भांडणं. मला यात अडकलेली गोष्ट वेगळी दिसते. निर्णय झाला, पैसेही बऱ्याच अंशी मिळाले; पण ठरल्याप्रमाणे होतंय का हे बघायचं काम कुणाच्याच गळ्यात बांधलेलं नव्हतं. ज्याने द्यायचं त्यानेच मोजायचं, त्यानेच तारीख ठरवायची आणि तारीख हुकली तर त्यानेच स्वतःला मुदतवाढ मागायची.

मागणी मुळात कशाची होती

शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून घरी येतो तेव्हा त्याचं वय पस्तीस-अडतीस असतं. त्याच्या वयाचा सरकारी कारकून साठीपर्यंत पगार घेतो, प्रत्येक वेतन आयोगाचा लाभ नोकरीत असतानाच पदरात पाडून घेतो. सैनिक मात्र पेन्शनवर असताना तीन-चार वेतन आयोग पाहतो. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरतं आणि नव्या आयोगाने पगार वाढले की नंतर निवृत्त होणारा आधीच्यापेक्षा पुढे जातो. हुद्दा तोच, नोकरीची वर्षं तीच, फक्त घरी आल्याचं साल वेगळं. तरी दोघांच्या पेन्शनमध्ये मोठी दरी. याचं टोक मेजर जनरलच्या हुद्द्यावर दिसलं होतं. 1996 च्या आधी निवृत्त झालेल्या मेजर जनरलचं पेन्शन नंतर निवृत्त झालेल्या ब्रिगेडियरपेक्षा, म्हणजे एक पायरी खालच्या अधिकाऱ्यापेक्षा, कमी बसत होतं. एसपीएस वैन्स खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दुरुस्त करायला लावलं. मेजर जनरल न्यायालयात जाऊ शकतो. हवालदाराने कुठे जायचं, हा प्रश्न उरलाच.

माजी सैनिकांच्या संघटना या दुखण्याचं मूळ 1973 च्या तिसऱ्या वेतन आयोगापर्यंत नेतात. त्याआधी जवानांना शेवटच्या पगाराच्या 70 टक्के पेन्शन मिळत होतं आणि आयोगाने ते मुलकी नोकरांच्या पंगतीत आणून बसवलं, असं त्यांचं म्हणणं. पुढे 17 डिसेंबर 1982 रोजी डी. एस. नाकरा खटल्याचा निकाल लागला. पेन्शन ही सरकारची मेहरबानी नसून हक्क आहे आणि एकसारख्या पेन्शनरांत केवळ निवृत्तीच्या तारखेवरून भेद करता येत नाही, असं त्यात ठरलं. पेन्शनर मंडळी 17 डिसेंबर हा दिवस आजही 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात. पण 1991 मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेने नाकराचा आधार घेऊन समान पेन्शन मागितलं, तेव्हा त्याच न्यायालयाने, नाकरातून एवढं काही निघत नाही, असं सांगितलं. म्हणजे दरवाजा कायद्याचा नाही, धोरणाचा आहे. तो सरकारनेच उघडायचा.

जाता जाता सांगायला हरकत नाही: नाकरा खटल्याच्या घटनापीठाचे प्रमुख यशवंत चंद्रचूड होते, निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. चाळीस वर्षांनी वन रँक वन पेन्शनचा निकाल दिला तो धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने. वडिलांच्या पीठाने पेन्शनरांच्या हाती दिलेलं हत्यार नेमकं किती लांब पोचतं, हे मुलाच्या पीठाने मोजलं.

2008-09 मध्ये आंदोलनाने जोर धरला आणि माजी सैनिकांनी आपली पदकं राष्ट्रपतींकडे परत पाठवली. प्रश्न राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला. भगतसिंग कोश्यारी तिचे अध्यक्ष. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले ते हेच. समितीचा 142 वा अहवाल डिसेंबर 2011 मध्ये आला. त्यात दिलेली व्याख्या पुढच्या सगळ्या वादाचं खोड आहे: समान हुद्दा आणि समान सेवाकाल असलेल्यांना निवृत्तीची तारीख कोणतीही असो, सारखं पेन्शन, आणि पुढे पेन्शनच्या दरात जी वाढ होईल ती जुन्या पेन्शनरांपर्यंत आपोआप पोचली पाहिजे.

संरक्षण मंत्रालयाने समितीपुढे तीन अडचणी मांडल्या: पैशाची, कायद्याची आणि कामकाजाची. सैन्याला दिलं तर बाकीचेही मागतील, जुन्या नोंदी शोधणं सोपं नाही, वगैरे. समितीला त्यातलं फारसं काही पटलं नाही. पण संसदीय समितीची शिफारस सरकारला बांधून ठेवत नाही. तिचं बळ नैतिक, आणि नैतिक बळाला तारीख नसते.

आकडा कुणी काढला?

कोश्यारी समितीच्या अहवालात वार्षिक बोजा 1,300 कोटींचा सांगितलेला आहे: 1,065 कोटी जवान आणि जेसीओंसाठी (म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या पायरीवरचे सुभेदार वगैरे), 235 कोटी अधिकाऱ्यांसाठी. फेब्रुवारी 2014 च्या हंगामी अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी तत्त्वतः मान्यता दिली आणि 500 कोटी ठेवले. त्याच महिन्याच्या 26 तारखेला संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या बैठकीत अंमलबजावणीची पावलं ठरली. सरकार बदललं. जुलै 2014 मध्ये अरुण जेटलींनी 1,000 कोटी ठेवले. सप्टेंबर 2015 मध्ये मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली तेव्हा आकडा वर्षाला 8,000 ते 10,000 कोटींवर गेलेला होता. प्रत्यक्ष अंमलबजावणीनंतर सरकारने सांगितलेला वार्षिक खर्च 7,123 कोटी, आणि पहिल्या फेरीची थकबाकी साडेदहा हजार कोटींच्या पुढे.

1,300 वरून 500, मग 1,000, मग 10,000, शेवटी 7,123. चार वर्षांत एका योजनेचे पाच अंदाज. यात कुणी खोटं बोललं असेलच असं नाही. प्रत्येक जण वेगळी योजना मोजत होता, कारण 'समान पेन्शन' म्हणजे कोणाच्या बरोबरीचं, कोणत्या सालाचं, सरासरीचं की सर्वोच्च पातळीचं, हे कुठेच पक्कं केलेलं नव्हतं. 500 कोटी ठेवणाऱ्याने हे ठरवलं नाही, 1,000 कोटी ठेवणाऱ्यानेही नाही. आणि संसदेत दोन्ही वेळा अर्थसंकल्प मंजूर झाला. या रकमेत कोणती योजना बसते, हे वेतन, पेन्शन आणि विमागणित जाणणाऱ्या कुणा त्रयस्थाकडून तपासून घेण्याची सोयच आपल्याकडे नाही. आधी आश्वासन, मग तरतूद, मग व्याख्या, असा उलटा प्रवास झाला.

जून 2015 मध्ये जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झालं. 14 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी आंदोलक माजी सैनिकांना तिथून हटवण्याचा प्रयत्न केला. ती दृश्यं देशभर दिसली आणि सरकारची पंचाईत झाली. 5 सप्टेंबरला पर्रीकरांची घोषणा आली. तिच्यात स्वेच्छेने निवृत्ती घेणाऱ्यांना वगळलं होतं, त्यावरून गदारोळ झाला; दुसऱ्याच दिवशी फरिदाबादच्या सभेत पंतप्रधानांनी खुलासा केला. लेखी आदेश निघाला 7 नोव्हेंबर 2015 रोजी.

आदेशात काय होतं

आधार वर्ष 2013. त्या कॅलेंडर वर्षात त्या हुद्द्यावरून तेवढ्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांना मिळालेलं किमान आणि कमाल पेन्शन घ्यायचं, त्यांची सरासरी काढायची, आणि जुन्यांना त्या सरासरीवर आणायचं. सरासरीपेक्षा जास्त घेणाऱ्यांचं कमी करायचं नाही. लागू तारीख 1 जुलै 2014. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत. वीरपत्नींसह फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना आणि शौर्यपदकधारकांना एकाच हप्त्यात. दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती.

समजा, एका हुद्द्यावर ठरावीक सेवेचं 2013 मधलं किमान पेन्शन 8,000 आहे आणि कमाल 10,000. सरासरी 9,000. जुन्या माणसाला 9,000 मिळतील. 2013 मध्येच निवृत्त झालेल्या कमालवाल्याचे 10,000 तसेच राहतील. म्हणजे एकाच हुद्द्यावर, एकाच सेवेनंतर, दोन पेन्शनं पुन्हा आहेतच. दरी कमी झाली, बुजली नाही. माजी सैनिक म्हणत होते की सरासरी नको, सर्वोच्च पातळी घ्या. कॅलेंडर वर्ष नको, 2013-14 हे आर्थिक वर्ष घ्या. पाच वर्षं नको, दरवर्षी करा. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. कोश्यारी समितीच्या व्याख्येतली वाढ आपोआप पोचणार होती. आदेशात ती 'ठरावीक कालांतराने' पोचणार होती. पाच वर्षांत नवे लोक पुढे सरकत राहतात, जुने थांबून राहतात, आणि ज्याचं वय 78 आहे त्याच्यासाठी पुढची फेरी म्हणजे 83.

फेब्रुवारी 2016 मध्ये तक्ते आले. एकूण 101. अधिकाऱ्यांचे वेगळे, जेसीओ आणि जवानांचे वेगळे, जवानांत पुन्हा कामाच्या प्रकारानुसार एक्स, वाय, झेड गट, वैद्यकीय शाखेचे वेगळे, फॅमिली पेन्शनचे वेगळे, अपंगत्वाचे वेगळे. सेवेचं अर्धं-अर्धं वर्ष एकेका ओळीत. आपला हुद्दा, आपला गट आणि आपली ओळ शोधून पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरच्या, आकड्याशी ताडून पाहायची. गट चुकला की आकडा चुकला.

या तक्त्यांची गोम कळायची असेल तर कॅप्टनचं प्रकरण पाहावं. पूर्वी सैन्यात बढत्या मंद होत्या. कित्येक अधिकारी कॅप्टन याच हुद्द्यावर निवृत्त झाले. आता नियमित अधिकारी दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर आणि तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल होतो. मग 2013 मध्ये पेन्शनपात्र सेवा करून कॅप्टन म्हणून निवृत्त होणारा मिळणार कुठून? ज्याच्याशी बरोबरी साधायची तो माणूसच अस्तित्वात नाही. तक्त्यात मग काल्पनिक आकडा भरावा लागतो, आणि काल्पनिक आकडा भरताना हात आखडता राहतो. वृद्ध कॅप्टन सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या कोची पीठाकडे गेले. न्यायाधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये विसंगती दूर करायला सांगितलं. सरकारने वर्षानुवर्षं निर्णयच घेतला नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैतागून सरकारला दोन लाखांचा दंड केला, तो सैन्याच्या कल्याण निधीत भरायला सांगितला, आणि आणखी टाळाटाळ झाली तर पेन्शनमध्ये 10 टक्के वाढ देण्याचा आदेश आम्हीच काढू, असं बजावलं. हे कॅप्टन तरुण नाहीत. त्यांच्या बाबतीत 'विचार सुरू आहे' या उत्तराचा एक अर्थ असाही होतो की थांबलो तर प्रश्न आपोआप मिटेल.

देखरेख करणारे बरेच, जबाबदार कुणी नाही

विसंगती तपासण्यासाठी डिसेंबर 2015 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश एल. नरसिंह रेड्डी यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. त्यांनी 26 ऑक्टोबर 2016 रोजी अहवाल दिला. तो तपासायला मंत्रालयाने अंतर्गत समिती नेमली. न्यायिक समितीचं काम खात्याची समिती तपासणार. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर निकालपत्र.

कागदावर देखरेखीची साखळी लांबलचक आहे. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याण विभाग 2004 पासून स्वतंत्र आहे. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, लोकलेखा समिती आहे, महालेखापरीक्षक आहेत, न्यायाधिकरण आहे. खाली केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्याचा सैनिक कल्याण विभाग, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिक अर्ज घेऊन जातो तो या शेवटच्या पायरीवर, आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात पेन्शनचा एक रुपयासुद्धा नसतो. तो अर्ज पुढे पाठवतो. पेन्शन ठरवणारे प्रयागराजला, सेवेच्या नोंदी रेकॉर्ड ऑफिसात, धोरण दिल्लीत. महालेखापरीक्षक खर्च झालेल्या पैशाचा हिशेब तपासतात. वेळेवर न झालेल्या खर्चाचा जाब विचारणं त्यांच्या कामाच्या ओघात सहसा येत नाही. स्थायी समिती विचारते, मंत्रालय 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर देतं, समिती ते नोंदवते.

1 जुलै 2019 ला या सगळ्या साखळीची परीक्षा झाली. आदेशाप्रमाणे त्या दिवशी पहिली फेरनिश्चिती व्हायला हवी होती. तारीख कुणी अचानक आणलेली नव्हती. साडेतीन वर्षांपूर्वी स्वतः सरकारनेच लिहून दिलेली होती. कार्यपद्धती ठरवायला म्हणून पुन्हा समिती नेमली गेली आणि तारीख उलटून गेली. 2020 गेलं, 2021 गेलं. साखळीतल्या एकाही कडीपाशी 'आज 1 जुलै आहे, तक्ते कुठे आहेत?' असं विचारून उत्तर मिळेपर्यंत बसण्याचा अधिकार नव्हता.

उरलं न्यायालय. इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट या माजी सैनिकांच्या संघटनेची 2016 ची याचिका तिथे होतीच. 16 मार्च 2022 रोजी न्या. चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांनी निकाल दिला. तात्त्विक लढाई माजी सैनिक हरले. कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. सरासरी घ्यायची की सर्वोच्च, दरवर्षी करायचं की पाच वर्षांनी, हे ठरवणं सरकारचं काम. योजनेत घटनात्मक दोष नाही. पण त्याच निकालाच्या शेवटी न्यायालयाने सरकारला स्वतःच्याच शब्दाला बांधलं: 1 जुलै 2019 पासून फेरनिश्चिती करा आणि थकबाकी तीन महिन्यांत द्या. निकालाचं हे शेपूट बातम्यांत मागे पडलं, पण माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत कामाची ओळ तीच. धोरण काय असावं हे न्यायालयाने सांगितलं नाही; तुम्ही जे ठरवलंत ते ठरल्या दिवशी करा, एवढंच सांगितलं. हे सांगायला खरं तर न्यायालय लागायला नको होतं.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ. 23 डिसेंबर 2022 ला मंत्रिमंडळाने फेरनिश्चितीला मंजुरी दिली. लाभार्थी 25.13 लाख, त्यात 4.52 लाख नवे. जुलै 2019 ते जून 2022 ची थकबाकी 23,638 कोटी, पुढचा वार्षिक वाढीव बोजा 8,450 कोटी. जानेवारीत न्यायालयाने 15 मार्च 2023 ची अखेरची मुदत दिली. आणि 20 जानेवारीला मंत्रालयाने परस्पर पत्रक काढलं की थकबाकी चार सहामाही हप्त्यांत दिली जाईल. न्यायालयाने ठरवलेली मुदत खात्याच्या पत्रकाने बदलायची! पीठ संतापलं, कायदा हातात घेऊ नका असं सुनावलं, पत्रक मागे घ्यायला लावलं. मग तो लिफाफा आला.

त्या टिपणीतला पैशाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नव्हता. 2022-23 चा संरक्षण अर्थसंकल्प 5.85 लाख कोटींचा, त्यातले 1.32 लाख कोटी पेन्शनचे, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातले 1.2 लाख कोटी वाटून झालेले. त्यावर 28,000 कोटींची थकबाकी. तिजोरीला हे एका महिन्यात जमणं अवघड होतं, हे न्यायालयानेही मानलं. पण थकबाकी एवढी फुगली कशाने? 2019 चं काम 2019 मध्ये झालं असतं तर दरवर्षीची वाढ त्या-त्या वर्षीच दिली गेली असती. आधी उशीर करून बोजा वाढवायचा आणि मग बोजा मोठा म्हणून आणखी वेळ मागायचा. न्यायालयाने रांग लावून दिली: सहा लाख फॅमिली पेन्शनधारक आणि शौर्यपदकविजेते आधी, मग सत्तरीच्या पुढचे चार-पाच लाख, मग उरलेले दहा-अकरा लाख तीन हप्त्यांत, 28 फेब्रुवारी 2024 पर्यंत.

हवालदाराचे 1,716 रुपये

डिसेंबर 2022 मध्ये सरकारने हुद्द्यानुसार वाढीचा एक नमुना तक्ता प्रसिद्ध केला होता. तो नीट वाचण्यासारखा आहे. शिपायाचं पेन्शन 17,699 वरून 19,726 वर: वाढ 2,027. नायकाचं 18,427 वरून 21,101: वाढ 2,674. हवालदाराचं 20,066 वरून 21,782: वाढ फक्त 1,716. लेफ्टनंट कर्नलचं 84,330 वरून 95,400: वाढ 11,070.

अधिकारी आणि जवान यांच्यातल्या रुपयांच्या फरकावर लोकांचं लक्ष आधी जातं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये जवान आणि जेसीओ वेगळी चूल मांडून जंतरमंतरवर बसले त्याला हे मोठं कारण होतं. मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकी सेवेसाठी पगारात मिळणारी जादा रक्कम, अधिकाऱ्याला 15,500 आणि जवानाला 5,200 का, गोळी हुद्दा बघून येते का, हा त्यांचा सवाल. त्याला उत्तर देणं मला सोपं वाटत नाही. पण मला त्याहून बोचतो तो हवालदार. आधी तो एक पायरी खालच्या नायकाच्या 1,639 रुपये पुढे होता. फेरनिश्चितीनंतर 681 रुपये पुढे राहिला. नायकाला साडेचौदा टक्के, शिपायाला साडेअकरा, हवालदाराला साडेआठ. नमुना तक्त्यातली थकबाकीही तशीच: शिपायाला 87,000, नायकाला 1,14,000, हवालदाराला 70,000. सैन्यात हवालदार होणं म्हणजे काय, हे पलटणीत राहिलेल्याला विचारा. बाहीवरच्या त्या तीन फितींचं मोल पेन्शनीत 681 रुपये.

यात कुणाचा कावा असेल असं मी म्हणत नाही. ठरावीक वर्षात निवृत्त झालेल्यांची सरासरी घेण्याच्या रीतीतून असे उंचवटे-खड्डे निघणारच. अडचण ही की ते निघाल्यावर तक्ता जाहीर होण्याआधी थांबवून 'हवालदाराचं हे काय झालंय?' असं विचारणारं कुणी त्या रचनेत नाही. तक्ते तयार करणारं लेखा खातं, मंजूर करणारं मंत्रालय, आणि तक्रार करायची ती पुन्हा त्याच मंत्रालयाकडे.

पेन्शन वाटपाची व्यवस्था दरम्यान बँकांकडून 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीकडे गेली. हेतू चांगला: एकच नोंद, एकच खिडकी. पण एप्रिल 2022 चं पेन्शन सुमारे 58 हजार जणांच्या खात्यात वेळेवर पडलं नाही, कारण हयातीच्या दाखल्याची वार्षिक नोंद झालेली दिसत नव्हती. ओरड झाल्यावर मंत्रालयाने एकवेळची सूट देऊन मेच्या पहिल्या आठवड्यात पैसे सोडले. इथे दुरुस्ती चार दिवसांत झाली, कारण चूक एका दिवशी, एकाच वेळी, सगळ्यांना दिसली. तक्त्यातली चूक एकेकट्याच्या पीपीओत दडलेली असते.

सुधारणेची दुसरी बाजू

14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. वन रँक वन पेन्शनच्या निकालाला तेव्हा तीन महिने होत होते. चार वर्षांची भरती, 25 टक्क्यांना पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सरकारने सैन्याचं सरासरी वय कमी करण्याचं कारण सांगितलं आणि ते कारण खोटं नाही. पण 2025-26 मध्ये 1.60 लाख कोटींवर गेलेली पेन्शनची तरतूद डोळ्यांसमोर ठेवली तर दुसरं कारण कुणी सांगायची गरज राहत नाही.

म्हातारं सैन्य आणि वाढतं पेन्शन हे दोन प्रश्न एकत्र मांडून संसदेत एकदा मोकळी चर्चा व्हायला हवी होती. काही जवानांना पंधरा वर्षांनंतर निमलष्करी दलांत सामावून घेण्याची कल्पना आयोगांच्या अहवालांत कितीदा तरी येऊन गेली. ती पुढे सरकली असती तर पेन्शन उशिरा सुरू झालं असतं, सैन्यही तरुण राहिलं असतं. तो पर्याय गृह आणि संरक्षण या दोन खात्यांच्या मधल्या भिंतीवर आदळून पडला. आणि मग एक योजना जुन्यांच्या बाजूने न्यायालयात झगडत राहिली, दुसरी नव्यांना त्या झगड्याच्या बाहेरच ठेवून आली.

बाहेर म्हणजे अक्षरशः बाहेर. चार वर्षांनी घरी येणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही. म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत त्याचं नाव हक्काने येत नाही, आणि माजी सैनिक कल्याण विभागावर त्याची जबाबदारी पडत नाही. 2025 मध्ये सेवा संपलेल्या अग्निवीरांच्या पुढच्या वाटचालीचं समन्वयाचं काम केंद्राने गृह मंत्रालयाकडे दिलं. निमलष्करी दलांतली राखीव पदं त्याच मंत्रालयाच्या हातात असल्यामुळे ते सोयीचं आहे. पण किती जणांना खरोखर नोकरी लागली, किती जण वर्षभरात ती सोडून गेले, प्रशिक्षणात किंवा सेवेत झालेल्या इजेचं नंतर काय झालं, हे दरवर्षी मोजून संसदेपुढे ठेवण्याचं बंधन योजनेत कुणावरही घातलेलं नाही.

वन रँक वन पेन्शनची तिसरी फेरी 1 जुलै 2024 पासून लागू झाली. या वेळी आदेश त्याच महिन्यात निघाला, तक्तेही काही आठवड्यांत आले. 2019 सारखी रखडपट्टी झाली नाही. मंत्रालय बदललं, की न्यायालयाचा धाक अजून ताजा होता, हे पुढच्या फेरीला कळेल. ती 1 जुलै 2029 ला आहे. अग्निवीरांची पहिली तुकडी, जी डिसेंबर 2022 आणि जानेवारी 2023 च्या सुमारास दाखल झाली, तिची चार वर्षं त्याच्या बरीच आधी, 2026 च्या अखेरीस पुरी होतात. माजी सैनिकांच्या संघटनांकडे निदान 2015 चा आदेश आणि त्यातली तारीख होती, जी घेऊन न्यायालयात जाता आलं. या तुकडीकडे तसा तारखेचा कागद नाही.